भिंतीबाहेरची तबी

“अंगठा पाहिजे ना तुम्हाला? मंग आधी माझी पोर आत घ्या,” आई म्हणाली आणि तिनं शाईची डबी पाळकसाहेबांच्या गुडघ्याकडं परत सरकवली.

ओसरीवर आम्ही चौघं होतो. मी, आई, नव्यानं आलेले पाळक भिंगारदिवे आणि मंडळीचे सर्वांत जुने पंच दाविदनाना उजागरे. चहा निवत चालला होता. कुणी उचलत नव्हतं.

बोरखळीची आमची मंडळी मूळची मिशनची. ना बिशप, ना झगा, ना मेणबत्ती. चार पंच ठरवतील ती पूर्वदिशा. पण गोरे साहेब मायदेशी गेले, मिशनचा हात आखडला आणि सहा वर्षं आम्हाला पाळकच नव्हता. लेकरं बाप्तिस्म्यावाचून शाळेत जायच्या वयाची झाली. लग्नाला तालुक्याहून पाळक उसना आणावा लागे, मयताला तर तोही मिळत नसे. अशात बिशपच्या हाताखालचा नवा अँग्लिकन धर्मप्रांत निघाला. त्यांनी निरोप धाडला, आमच्यात या, पाळक देतो, शाळाही चालवतो. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं आमचं. तरी वर्षभर भांडलो. प्रभुभोजन उभ्यानं घ्यायचं की गुडघे टेकून, एवढ्यावरून शिरसाठांचे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी हो-ना करता करता सगळ्या घरांच्या सह्या झाल्या. राहिलं होतं ते आमचं घर.

आणि आमचाच अंगठा सगळ्यात जड. देवळामागचं कब्रस्तान माझ्या आजोबांनी मंडळीला दिलेलं, पण तोंडी. सातबारा बाबांच्या नावावर होता, बाबा गेल्यावर आईच्या. जागा धर्मप्रांताच्या नावे झाल्याशिवाय बिशपसाहेब ती पवित्र करायला येणार नव्हते, आणि ते आल्याशिवाय आमचा प्रवेश पुरा होणार नव्हता.

पोर म्हणजे माझी थोरली बहीण तबीथा. घरात तबी. कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर, आमच्याच बाभळीखाली तिची कबर होती. त्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. अठराव्या वर्षी ती देवळाजवळच्या विहिरीत बुडाली. तिनं जीव दिला असं पंचांनी ठरवलं, आणि जीव देणाऱ्याला भिंतीच्या आत जागा नाही हा त्यांचा नियम. त्या पंचांत माझे बाबाही होते. लेकीचा खड्डा त्यांनी भिंतीबाहेर स्वतःच्या हातानं खणला.

“राहेलवहिनी,” दाविदनाना म्हणाले, “तुमचं दुख मला कळत न्हाई का? पर पंचांनी लिहून ठिवलंय. आन् नुसतं विहिरीत जाणं आसतं तर एकवेळ...”

“थांबले का? बोला की. बावीस वर्षं गाव बोलतंय, आज तुम्ही बोला.”

“प्रभूचा प्याला व्हता वहिनी तिच्या हातात. मीच सोडवला. एकेक बोट उलगडावं लागलं.”

प्रभुभोजनाचा आमचा एकच प्याला होता, दोन कानांचा, जर्मन सिल्व्हरचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी त्यातूनच पिई. उपासना आटोपली की तो विहिरीवर धुवायचा आणि धुतलेलं पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओतायचं, वाटेवर पडू द्यायचं नाही. हे काम आमच्या घराकडं होतं आणि घरात ते तबीकडं. ती गेली त्याच्या महिनाभर आधी तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. पंचांना वेगळं काही शोधायची गरजच पडली नाही. लग्न मोडल्याच्या रागात पोरीनं मंडळीचा प्याला घेऊन विहीर जवळ केली, देवाला आणि माणसांना एकदमच दुखवून गेली, असं त्यांनी धरलं. त्या दिवसापासून तो प्याला कुणी ओठाला लावला नाही. दाविदनानांनी तो आपल्या पेटीत बंद केला आणि मंडळी औषधाच्या मापाएवढ्या काचेच्या पेल्यांतून पिऊ लागली.

“कुणी येगळं पाह्यलं आसंल,” दाविदनाना म्हणाले, “तर त्यानं मंडळीम्होरं हुभं ऱ्हाऊन साक्ष द्यावी. मी सोता पहार घिऊन ती भिंत पाडीन. पर साक्ष पाहिजे.”

मी माझ्या चहात पडलेली मुंगी काढत होतो. ती बराच वेळ निघेना.

भिंगारदिवे तरुण होते, कोल्हापूरकडचे. दोघांच्या मध्ये सापडून बिचारे घामेघूम झाले होते. ते म्हणाले, “बाई, भिंतीचं म्हणाल तर आमच्याकडं भिंतीला काही मोल नसतं. बिशपसाहेब हद्दीवरनं चालत जातात. पुढं क्रूस, मागं मंडळी. त्यांच्या पावलांनी जेवढी जागा वेढली तेवढी पवित्र. पण हद्द कुठली, ते मंडळीनं दाखवायचं. मी परका माणूस, मी कशी दाखवू?”

“मंग न्या तुमचा कागद परत,” आई म्हणाली आणि आत निघून गेली.

संध्याकाळी ती चुलीपुढं बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो, मंडळीच्या शाळेत मास्तर होतो, पंच कमिटीचा चिटणीसही मीच. गावात चार माणसं मला विचारत. पण चुलीपुढं बसलं की मी नऊ वर्षांचाच होत असे.

“आई, अंगठा दे. तबीचं मी बघतो.”

“तू?” तिनं माझ्याकडं न बघता भाकरी उलटली. “तिचं नाव निघालं की तू उठून जातोस. लहानपनापासनं बघतीया मी. आन् तू काय बघनार?”

“शब्द देतो तुला.”

“तुझा बाप बी शब्द द्यायचा. म्हनायचा, दोन वर्सं जाऊ दे, पंचांशी बोलतो. तो भिंतीच्या आत जाऊन निजला, पोर बाहेरच.”

“मी देतो म्हटलं ना.”

तिनं मान वळवून मला न्याहाळलं. मला वाटलं, आता ही विचारणार. मी काय सांगायचं ते जुळवू लागलो. पण तिनं फक्त तव्यावरची भाकरी काढून माझ्या ताटात टाकली. सकाळी तिनं अंगठा दिला.

बिशपसाहेब आले तो दिवस गावाला सणासारखा होता. बैलगाड्या सजवल्या होत्या, लेझीम होतं, शाळेच्या पोरांनी पताका लावल्या होत्या. साहेब म्हणजे कुणी धिप्पाड गोरा येणार असं अर्ध्या गावाला वाटत होतं. उतरले ते बारीक चणीचे, काळेसावळे, सर्दीनं बेजार झालेले. शिरसाठांची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “झगा पांढरा फेक, पर खाली चपला झिजल्यात. आपलाच मानूस दिसतोय.” साहेब हसले आणि नाक पुसत तिच्या पाया पडायला वाकले. म्हातारी चार पावलं मागं सरली. गुडघ्यांवरून भांडणाऱ्या दोन्ही शिरसाठांना त्या क्षणी तोंडात मारल्यासारखं झालं असावं.

क्रूस मी धरायचा होता. सुताराकडून बाभळीचा करून घेतलेला, माझ्या डोक्याहून हातभर उंच. आधी कब्रस्तान, मग देऊळ, असं ठरलं होतं. फाटकातून आत शिरलो आणि डाव्या हाताला भिंतीच्या आतून निघालो. माझ्यामागं बिशपसाहेब, त्यांच्यामागं पाळक, मग पंच, मग पुरुष, शेवटी बायका. मंडळी स्तोत्र म्हणत होती. बाबांची कबर आली, मागं पडली. आजोबांची आली, मागं पडली.

पलीकडच्या कोपऱ्यात भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी ढासळली होती. शेळ्या तिथून ये-जा करायच्या. त्या कोपऱ्यावर मी उजवीकडं वळायला हवं होतं.

मी सरळ गेलो. पडक्या दगडांवरून पाय टाकत बाहेर पडलो. माझ्यामागचं स्तोत्र एकदम विरळ झालं.

“मास्तर,” मागून बिशपसाहेब हळूच म्हणाले, “हद्द इकडूनच ना?”

“होय साहेब,” मी म्हणालो.

हातात क्रूस धरून मी खोटं बोललो. त्या वेळी मला वाटलं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं हेच.

साहेबांनी झगा वर धरला आणि दगड ओलांडले. मी बाभळीला वळसा घातला. तबीची कबर म्हणजे मातीचा उंचवटा आणि कडेनं मांडलेले दगड. आई दर नाताळाला त्या दगडांना चुना लावी. मी त्या दगडांच्या पलीकडून चाललो, पुन्हा भिंतीकडं वळलो आणि तिच्यातल्या दुसऱ्या एका फटीतून आत आलो. एवढंच. पन्नास पावलंही नसतील. मागं वळून पाहिलं तर बायका बाभळीखालून येत होत्या आणि आईनं चपला काढून हातात घेतल्या होत्या. ती गात नव्हती. रडतही नव्हती. भरल्या घागरीनं चालावं तशी जपून चालत होती.

दाविदनाना मात्र त्या खिंडारातच थांबलेले दिसले. सगळी मंडळी त्यांच्या अंगावरून बाहेर गेली, ते एक हात भिंतीवर ठेवून तसेच उभे. मग ते वळले आणि घराच्या वाटेला लागले. पंचांची जुनी वही त्यांच्याच घरी असे. ते वही आणणार, भर देवळात उघडणार आणि साहेबांना दाखवणार, यात मला शंका नव्हती. हद्द कुठली, ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

देवळात बिशपसाहेबांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून आम्हाला आपल्या धर्मप्रांतात घेतलं. एकेचाळीस माणसं. माझ्या डोक्यावर हात पडला तेव्हा माझे कान दाराकडं होते. ते झालं, प्रभुभोजनाची तयारी सुरू झाली, साहेबांनी आणलेला चांदीचा प्याला मेजावर मांडला गेला, आणि दाविदनाना आत आले. त्यांच्या हातात वही नव्हती. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते मधल्या वाटेनं थेट मेजापाशी गेले.

“साहेब,” ते म्हणाले. त्यांचा आवाज देवळात नेहमी खणखणीत असे, तो त्या दिवशी फाटला होता. “ह्यो आमचा जुना प्याला. बावीस वर्सं पेटीत हाये. आज ह्यातनं द्या. ती आत आली, तर ह्यो का बाहेर?”

बिशपसाहेबांना काही उमगलं नाही. पाळक त्यांच्या कानाशी दोन शब्द बोलले. साहेबांनी नानांकडं पाहिलं, फडकं सोडलं, प्याला धुवायला दिला आणि आपला चांदीचा प्याला उचलून बाजूला ठेवला.

मी पहिल्या बाकावर आईशेजारी बसलो होतो. प्याला पाहताच आईनं माझं मनगट पकडलं. तिची नखं रुतली.

“शमू, एक सांगते. कुनाला सांगू नगंस.”

“काय?”

“त्या दिशी सकाळी मीच तिला म्हनले व्हते.” ती मेजाकडंच बघत होती. “चुलीपुढं तोंड पाडून बसलेली. भाकर करपली. मला राग आला. म्हनले, आसं बसन्यापरीस जा, हिरीत जीव दे एकदाचा. आईच्या तोंडातनं निगतंच रं आसं. सगळ्या आयांच्या निगतं. पर माझ्या पोरीनं ऐकलं. तुझ्या बापाला बी कंदी सांगितलं न्हाई. बावीस वर्सं वाटायचं, ती न्हाई, मीच भिंतीबाहेर हाये. आज द्येवानं तिला आत घेतलं. आता मलाबी घेईल.”

तिचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता.

तबीनं तिचं ऐकलं नव्हतं. तबी विहिरीत उतरली होती ती माझ्यामुळं.

त्या दिवशी तबीनं प्याला धुवायला आणला आणि लिंबाखाली ठेवून ती पोहऱ्याचा गुंतलेला कासरा सोडवत बसली. मी नऊ वर्षांचा. प्याल्याचे दोन कान पाहून मला वाटलं, हा तर छोटा पोहराच आहे. पतंगाचा दोरा त्याच्या कानाला बांधला आणि सोडला विहिरीत. पाणी भरलं, मी ओढू लागलो, आणि दोरा तुटला. उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी खाली गेलेलं. तळाच्या पायरीशी, हातभर पाण्यात तो लकलकताना दिसत होता. मी भोकाड पसरलं. प्रभूचा प्याला. बाबा माझी चामडी सोलतील.

“रडू नको,” तबी म्हणाली. “बाबांना सांगत न्हाई मी. हितं थांब.” तिनं पदर खोचला आणि ती पायऱ्या उतरली. शेवटच्या दोन पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. तिनं वाकून पाण्यात हात घातला आणि प्याला वर धरला. तोंड वर करून हसली. लग्न मोडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. “घावला बघ, रडव्या!” म्हणाली. एक पायरी चढली, तिचा पाय सरकला आणि ती पायऱ्यांपलीकडच्या खोल पाण्यात पडली.

पाण्यात ती एकदा वर आली, दोनदा आली. तिनं मला हाक मारली. देवळात दाविदनाना सतरंज्या गोळा करत होते, मला त्यांचा खोकलाही ऐकू येत होता. एक आरोळी ठोकली असती तरी ते धावले असते. मी पळालो. त्यांच्याकडं नाही, उलट्या बाजूला. शाळेच्या मागं, गवताच्या गंजीत शिरून बसलो आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आलो नाही. बाबांनी विचारलं, तू कुठं होतास. मी म्हणालो, शाळेमागं. ते खोटंही नव्हतं. त्यापुढं मला कुणी काही विचारलं नाही, आणि बोटं उलगडून प्याला काढला तेव्हा त्याचा अर्थ मोठ्या माणसांनी त्यांच्या त्यांच्या मनानं लावला.

हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. आईचा हात माझ्या मनगटावर होता, माझं तोंड तिच्या कानापासून वीतभर अंतरावर. चार वाक्यं पुरली असती. पण त्या चार वाक्यांनंतर तिला लेक निर्दोष मिळाली असती आणि लेक गेला असता. निदान मी स्वतःची समजूत अशी घातली. खरं कारण याहून साधं होतं. मी नऊ वर्षांचा असताना भ्यालो होतो आणि एकतीस वर्षांचा झालो तरी तसाच भीत होतो.

“चल,” मी म्हणालो. “आपली पाळी आली.”

आम्ही जाऊन गुडघे टेकले. आधी आईपुढं प्याला आला. तिनं दोन्ही कान धरले, डोळे मिटले आणि एक घोट घेतला. मग साहेब माझ्यापुढं आले. प्याल्याच्या काठाला एक चेप होती. तो विहिरीत पडताना पायरीवर आपटला होता, तिथली. बाकी कुणाला ती दिसलीही नसेल. साहेबांनी प्याला कलता केला आणि नेमकी ती चेप माझ्या ओठाला लागली. मी प्यालो. द्राक्षरस होता. मला मात्र शेवाळाची चव आली, ती आज त्र्याहत्तराव्या वर्षीही येते.

उपासना सुटल्यावर दाविदनाना मला लिंबाखाली गाठून म्हणाले, “मास्तर, हद्द तिकडनं न्हाई. तुलाबी म्हाईत, मलाबी म्हाईत. पर बरं केलंस. साक्ष मागत बसलो मी बावीस वर्सं. भावानं दिली आज, बिन बोलता.” ते माझ्या पाठीवर थोपटून गेले. तो मला लागलेला सगळ्यात वाईट मार. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गवंडी लावला आणि बाभळीपलीकडून नवी भिंत घातली.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकत होतो. तिच्यामागून प्याला माझ्याकडं येई. दर वेळी मी ठरवत असे, आज घरी गेल्यावर सांगायचं. घरी गेल्यावर ती म्हणे, हातपाय धू, भाकर खाऊन घे. मी हातपाय धूत असे आणि भाकर खात असे.

शेवटी शेवटी तिची जीभ जड झाली. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो. तिनं डोळे उघडले.

“शमू, तबी आत हाये ना रं?”

“आहे आई. नवी भिंत आहे तिच्या पलीकडून.”

तिनं छताकडं पाहिलं. मग म्हणाली, “मी तसं बोलले नसते, तर पोर जगली आसती का?”

घरात दुसरं कुणी नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती, उत्तराची वाट बघत. उशाशी पाण्याचं भांडं होतं. मी चमचा भरून तिच्या ओठाला लावला.

“बोलू नकोस आई,” मी म्हणालो. “पाणी पी.”